गजूचा रकाना

मंगल, तुझं रिटर्न भरून झालं. तू असतीस तर पहिला प्रश्न हाच विचारला असतास की जुन्या पद्धतीनं भरलं का नव्या. ते सांगतो, पण ओळीनं सांगू दे. तुला मधेच तोडायची सवय होती आणि मला आकडा शेवटी सांगायची.

गेलेल्या माणसाचंही रिटर्न भरावं लागतं, हे मला माहीत होतं. आडतीवरचे थोरले मालक वारले तेव्हा त्यांचं सगळं काम मीच पाहिलं होतं. मृत्यूचा दाखला, पॅन कार्ड, वारसाचा कागद. संगणकावर एक चौकट येते, तिथं आपण मयताचे कोण ते निवडायचं. मालकांच्या वेळी त्यांच्या मुलानं ते निवडलं होतं आणि मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो. या वेळी निवडायचा हात माझा होता. काही दिवसांनी वारस म्हणून नोंद मंजूर झाल्याचा मेसेज आला. मी तेव्हा मोंढ्यात होतो, समोर हळदीचा लिलाव चालू होता, आणि मी ती ओळ दोनदा वाचली. तेरवीला इतकी माणसं भेटून गेली, रडून गेली, तरी मला कुठंतरी वाटत होतं की हे सगळं तात्पुरतं आहे. त्या एका ओळीनं ते संपवलं. तू नाहीस, आणि तुझ्या जागी मी सही करायची, हे सरकारला पटलं होतं.

वारसाच्या कागदावर तुझ्या नावापुढं मी एकटा आहे. आणि तुझ्या रिटर्नमध्ये इतक्या वर्षांत माझं नाव एकदाही आलं नाही. तिथं एकट्या गजूचं नाव असायचं. मी तुला चिडवायचो, की सरकारला विचारलं तर ते म्हणेल, या बाईला एक भाऊ आहे, नवऱ्याचं काही माहीत नाही. तू म्हणायचीस, "तुमी कमावते हाव. तुमाला कशाला वजा धरायचं?"

तुझी आई गेली त्या वर्षी तू गजूला सेनगावहून एसटीनं घेऊन आलीस. हातात त्याची पिशवी, त्याच्या हातात तुझ्या पदराचं टोक. तेव्हा तो चांगला तिशीतला गडी होता, आणि बुद्धी तीन-चार वर्षांच्या लेकराची. तू दारात चप्पल काढता काढता म्हणालीस, "हा राहील आता." मला विचारलं नाहीस. मी काही बोललो नाही, ते तू होकारात धरलंस. पुढं कधी आपण त्यावर बोललो नाही. आपल्याला मूल झालं नाही म्हणून तू त्याला आणलंस का, हेही मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, म्हणूनच विचारलं नाही.

हिंगोलीच्या दवाखान्यात दिव्यांगाच्या दाखल्यासाठी गेलो होतो ते आठवतं? डॉक्टरांनी गजूला विचारलं, पाच आणि तीन किती. गजूनं त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि हसला. डॉक्टर चांगले होते, त्यांनी पेन परत मागितलं नाही. दाखल्यावर ऐंशीच्या वर टक्के लिहून आले. मी मनात हिशेब केला, की चाळीसच्या वर असते तर रिटर्नमधली सूट पंच्याहत्तर हजारांची, ऐंशीच्या वर म्हणजे सव्वा लाखाची. मी ते बोलूनही दाखवलं. बाहेर बाकावर बसून तू तो दाखला किती वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, "माणसाचे टक्के काढतेत." आणि थोड्या वेळानं, "पण काढले ते बरं झालं."

तुला त्या सवलतीतली एक गोष्ट फार आवडली होती. बाकी सगळ्या सवलतींना पावती लागते. विम्याचा हप्ता किती, घरकर्जाचं मुद्दल किती, जेवढं भरलं तेवढंच मांडायचं. गजूच्या सवलतीला पावती लागत नाही. घरात असा माणूस आहे, तो तुमच्यावर अवलंबून आहे, एवढा दाखला द्या. त्याच्यावर किती खर्च केला ते कुणी विचारत नाही. मी पहिल्या वर्षी त्याच्या गोळ्यांची, कपड्यांची बिलं तारखेनुसार लावून ठेवली होती. आपलं रिटर्न भरणारे मोईनभाई ती बिलं परत देत म्हणाले, "ये नहीं लगते मुनीमजी. सरकारला माहीत आहे, असा माणूस घरात असला की खर्च होतोच." घरी येऊन तुला सांगितलं, तर तुझे डोळे भरून आले. म्हणालीस, "बघा. एवढं तरी समजतं त्यांना."

तुझ्या शाळेतल्या किती जणांनी घरभाड्याच्या खोट्या पावत्या लावल्या. स्वतःच्या घरात राहून सासऱ्याला भाडं दिल्याचं दाखवलं. तुलाही एकानं सुचवलं होतं. तू म्हणालीस, "ज्या घरात आपण राहत न्हाई त्याचं भाडं कसं द्यायचं, सर?" मला तेव्हा तुझा जो अभिमान वाटला तो मी बोललो नाही. जेवताना फक्त भाजी चांगली झाली म्हणालो. तुला कळलं असेल असं धरून चाललोय.

आणि मग आपलं ते भांडण. ते अर्धंच राहिलं.

मागच्या हिवाळ्यात मी कॅलेंडरच्या पाठीमागं दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडून तुझ्यापुढं ठेवला. नव्या पद्धतीत तुझ्या पगारावर एक रुपया कर बसत नव्हता. जुन्या पद्धतीत गजूची सूट, विमा, घरकर्ज सगळं वजा करूनही बसत होता. इतकं स्वच्छ गणित मी फार कमी वेळा मांडलं असेल. तू चष्मा लावून वाचलंस आणि विचारलंस,

"नव्यात गजूचा रकाना हाय का?"

"नाही. नव्यात असले रकानेच नाहीत. विमा नाही, कर्ज नाही, गजू नाही. सरळ पगार, त्यातून सगळ्यांना सारखी एक ठरावीक वजावट, संपलं."

"मंग कसली पद्धत ती?"

"अगं, कर शून्य आहे."

"तुमच्या शून्यात माझा भाऊ बसत न्हाई."

मी म्हणालो, भाऊ घरात आहे, कागदावर असला काय आणि नसला काय. त्यावर तू बोटं मोजत गेलीस. रेशन कार्डावर तो तुझ्या दादाकडं. मतदार यादीत सेनगावला. शेताच्या उताऱ्यावर दादाच्या नावाखाली. "तो माझ्यापाशी हाय, माझ्यावर हाय, असं लिहिलेलं कुठं दाखवता? एकाच जागी हाय ते. तेवढं खोडू नका."

"ते सरकारच्या संगणकात पडून असतं मंगल. कुणी वाचत नाही."

"मी वाचते."

एवढ्यावर तू उठून गेलीस. मग संक्रांत आली, मग शाळेच्या परीक्षांची तयारी. पगारातून कर जुन्या पद्धतीनंच कापला जात होता, कारण वर्षाच्या सुरुवातीला तू तसंच लिहून दिलं होतंस. मी म्हणालो, अजून वेळ आहे, रिटर्न भरताना बदलता येतं. तू म्हणालीस, "तवाचं तवा बघू." आणि होळीच्या आधी, भाकरी थापता थापता, तू डोकं धरून खाली बसलीस. नांदेडला पोहोचेपर्यंत तू बोलायची थांबली होतीस.

तुला घरी आणलं तेव्हा तुझ्या अंगावर घालायला माहेरचं लुगडं यायचं होतं. तुझे दादा दत्तराव सेनगावहून निघाले होते, रस्त्यात होते. सगळे थांबले होते. बायका म्हणत होत्या, भावाचं लुगडं आल्याशिवाय उचलायचं नाही. आणि भाऊ तिथंच, तुझ्या पायाशी बसला होता. तो उठला, आत गेला, आणि भाऊबीजेला त्यानं तुला दिलेली साडी घेऊन आला. ती तूच दुकानातून आणून त्याच्या हातात द्यायचीस आणि मग ओवाळून घेऊन परत घ्यायचीस, हे त्या बायकांना काय माहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ठेव रे बाळा आत. वापरलेली हाय ती." तो ठेवेना. शेवटी दत्तरावांचं लुगडं आलं आणि कुणीतरी म्हणालं, दोन्ही घाला. दोन्ही घातल्या.

तेरवीला जेवणं झाल्यावर तुझे दादा मांडवात सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पाव्हणं, आता गजूला घेऊन जातो. बहीण व्हती तवर बराबर व्हतं. आता इथं त्याचं कोण हाय?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं बोलून टाकलं. "आन् त्याच्या नावानं वर्षाला सव्वा लाख येतेत सरकारचे. ते त्याच्यावर लागाया पाहिजेत. इतके दिस आमी इचारलं न्हाई."

लोक आपापल्या चपला बघायला लागले. मी म्हणालो, असे पैसे येत नाहीत. दत्तराव म्हणाले, "आमाला नका शिकवू. गावातल्या मास्तरनं सांगितलंय. मंगलचा फारम त्यानं डोळ्यानं बघितलाय."

मंगल, मी आयुष्यभर मोंढ्यात शेतकऱ्यांना हिशेब समजावून सांगत आलो. एकेकाला तीन-तीनदा सांगितलाय. त्या दिवशी, तुझ्या तेरवीला, मला सूट म्हणजे काय ते उभं राहून सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बायको गेली आणि हा पैशाचं बोलतोय. न सांगून झालं असं की माझ्या घरात एक खुळा माणूस पैशासाठी पोसला होता, आणि तो तू पोसला होतास. गजू जीपमध्ये आनंदानं चढला. त्याला जीप आवडते.

त्यानंतरच्या घराबद्दल मी लिहू शकत नाही. सकाळी आडतीवर जायचो, दिवस मावळायला परत यायचो, कुलूप काढायचो. आयुष्यात त्या दाराला मी बाहेरून कधी कुलूप लावलं नव्हतं, कारण आत कायम कुणीतरी असायचं. पहिल्यांदा तर किल्ली कोणती ते मला कळेना. बसायचो, उठायचो. स्वयंपाक करायचो नाही. जगून काय करायचं हा विचार माझ्यासारख्या माणसाला शोभत नाही, पण तो यायचा, रोज यायचा, आणि त्याला उत्तर म्हणून मांडायला माझ्याकडं एकही आकडा नव्हता.

रिटर्नचं निमित्त झालं म्हणून मोईनभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी तुझा कागद उघडला. म्हणाले, "मुनीमजी, नव्या पद्धतीत भरू. जितका टॅक्स कापलाय, पूरा वापस येतो. तुमच्या खात्यात."

मी म्हणालो, "थांबा. आधी माझं रिटर्न उघडा. जुन्या पद्धतीत उघडा."

"तुमाला तर टॅक्सच बसत नाही. कशाला?"

"मला बघायचंय. गजूची सूट माझ्या कागदावर घेता येते का ते."

त्यांनी ते पान उघडलं. अवलंबून असलेल्या व्यक्तीशी नातं निवडा, असं येतं तिथं. बाण दाबला की यादी खाली उघडते. मी खुर्ची पुढं ओढून ती वाचली.

पती किंवा पत्नी. ती तू.

मुलगा, मुलगी. ते झाले नाहीत.

वडील, आई. दोघंही गेले, तुझ्याच हातचं पाणी पिऊन गेले.

भाऊ. मला नाही.

बहीण. परभणीला आहे, नातवंडांत आहे, ती कुणावर अवलंबून नाही.

शेवटी एकत्र कुटुंबातला सदस्य असं होतं. मी त्यावर बोट ठेवलं. मोईनभाई म्हणाले, "वो अलग है. जे लोक कुटुंबाच्या नावानं वेगळं रिटर्न भरतात त्यांच्यासाठी. आपलं नाही चालत."

"मेहुणा कुठंय?"

"मेहुणा नाही मुनीमजी. कायद्यात नाही."

"इतकी वर्षं माझ्या घरी जेवला तो."

"कानून घर नहीं देखता. खून का रिश्ता देखता है."

"मग बायको कुठं रक्ताची असते, मोईनभाई? ती आहे की यादीत."

ते म्हणाले, "चाय मंगवाता हूँ." चहा आला. मी ती यादी तशीच उघडी ठेवून बघत होतो. तू त्या रकान्यासाठी माझ्याशी का भांडलीस ते मला तिथं बसून समजलं. आता असं एकही माणूस उरलं नाही की ज्याच्यापुढं मी लिहू शकेन, हा माझ्यावर आहे. आणि असाही कुणी नाही की जो माझ्यापुढं तसं लिहील.

मोईनभाई हळूच म्हणाले, "भाभींचं करू ना आता? जुनी का नवी?"

मी एक दिवस मागून घेतला. घरी आलो, पुन्हा आकडे मांडले. होते तेच होते. जुन्या पद्धतीत भरलं तर तुझ्या शेवटच्या कागदावर गजूचं नाव राहिलं असतं. वर्ष पुरं व्हायच्या आत माणूस गेलं तरी सूट पूर्ण मिळते, मी विचारून घेतलं होतं. पण ते शेवटचंच असतं. पुढच्या वर्षी तुझं रिटर्न नाही, माझ्या रिटर्नमध्ये त्याचं नातं नाही. रकाना तुझ्याबरोबर गेला होता, मंगल. गजू गेला नव्हता. तो सेनगावात बसला होता. आणि त्याच्या नावावर यंदाही काही मागितलं असं कुणाच्या तोंडी यायला नको होतं मला.

मी नव्या पद्धतीनं भरलं. कर शून्य आला. तुझ्या शेवटच्या कागदावर तुझा भाऊ नाही, आणि ते मी ठरवून केलं. तुला राग येईल. येऊ दे. त्या निमित्तानं तरी भांडायला ये.

दुसऱ्या दिवशी आडतीवर रजा सांगितली आणि निघालो. आपल्या वसमतहून हिंगोलीपर्यंत एसटी, तिथून सेनगावची जीप. मृग निघाला होता, पेरणीची गडबड होती. दत्तराव अंगणात बसून पोत्याच्या ओल्या बारदानात गुंडाळलेलं सोयाबीनचं बी उलगडून बघत होते. किती उगवलं ते मोजून मग पेरतात. मला बघून उठले नाहीत, पण पाट सरकवला.

"बसा पाव्हणं. पैशाचं बोलाया आलाव का?"

"हो. आधी पैशाचंच बोलू."

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. मी त्यांच्या हातातल्या बारदानाकडं बोट केलं. "मोंढ्यात तुमचं पोतं काट्यावर चढवलं की आडत्या काय करतो?"

"वजन करतो."

"आणि?"

"बारदानाचं वजन कापतो. तुमच्यासारखा असला तर जरा जास्तच कापतो."

"बरं. मग त्या कापलेल्या बारदानाचे पैसे तुम्हाला देतो का?"

"काहून देईल? ते तर वजा केलं न."

"गजूचे सव्वा लाख तसे आहेत."

मी पुढं सांगितलं. मंगलचा पगार म्हणजे भरलेलं पोतं. सरकार म्हणायचं, हिच्या घरात असा भाऊ आहे, त्याच्यापोटी सव्वा लाखाचं वजन वजा धरा आणि उरलेल्या मालावर कर मोजा. हातात रुपया येत नव्हता. सव्वा लाखावर जेवढा कर बसला असता तेवढा फक्त वाचायचा, आणि त्याच्या कितीतरी पट ती त्याच्यावर घालवायची. त्याच्या गोळ्या, त्याचे दात, शाळेच्या वेळात त्याच्याजवळ बसायला ठेवलेली बाई.

दत्तरावांनी बी पुन्हा मोजायला घेतलं आणि अर्ध्यातच सोडून दिलं. "मंग मास्तर सव्वा लाख काहून म्हणला?"

"आकडा त्यानं बरोबर वाचला. तो वजा करायचा आहे हे वाचलं नाही."

"म्हंजे मी मांडवात..." ते तेवढंच बोलले. चुलीकडून तुझ्या वहिनी म्हणाल्या, "मी म्हणले व्हते तुमाला. मंगल तशी न्हाई." दत्तरावांनी त्यांना हातानं गप्प केलं, पण रागानं नाही.

"आन् आता? आता तुमच्या पगारातून धरतेत का?"

"नाही. माझ्या कागदावर तो बसत नाही. कायद्यानं मेहुणा चालत नाही. मी विचारून आलोय."

"म्हंजे आता त्याच्यापायी तुमाला एक रुपया बी सुटत न्हाई."

"नाही."

"मंग तुमाला तो काहून पाहिजे?"

मंगल, वाटेत जीपमध्ये मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. तुझी इच्छा होती म्हणेन. त्याला तिथल्या घराची सवय आहे म्हणेन. दवाखाना जवळ आहे म्हणेन. त्यांनी इतकं सरळ विचारलं की त्यातलं काहीच तोंडातून निघेना. मी म्हणालो, "मला करमत न्हाई, दत्तराव."

दत्तरावांनी बारदान गुंडाळलं, हात धोतराला पुसले. "लोक मला म्हणतील, सख्खा भाऊ असून परक्याच्या दारात ठेवला."

"म्हणतील."

"तुमाला बी म्हणतील काहीबाही."

"ते म्हणून झालंय."

ते हसले नाहीत, पण त्यांची मान खाली गेली. वहिनी भाकरीच्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "न्या भाऊजी. वाळलाय बघा तो. आमी मारत न्हाई, काही न्हाई, लेकरावानी ठेवलाय. पण त्याचं ध्यान इथं नसतंच. एक सांगते, तो आपल्या मनानं आला पाहिजे. ओढून नका नेऊ."

गजू गोठ्याच्या पलीकडं शेळीजवळ बसला होता. खरंच वाळला होता. मला बघून तो ताडकन उठला, दात काढून हसला, आणि माझ्याकडं चालत आला. मी हात पुढं केला. तो माझ्या बाजूनं पुढं गेला. फाटकापर्यंत गेला, रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं, परत माझ्या तोंडाकडं बघितलं. मी आलोय म्हणजे तू मागं येत असणार, एवढाच त्याचा हिशेब होता.

"दाजी. अक्का?"

दत्तराव म्हणाले, "सांगा त्याला." मी सांगितलं नाही. तो घरात गेला, आपली पिशवी घेऊन आला आणि माझ्याआधी जीपच्या थांब्याकडं चालायला लागला. आपल्या मनानं आला. मी आजवर खोट्या पावतीवर सही केली नाही. त्या दिवशी हिंगोलीपर्यंत, आणि हिंगोलीहून वसमतपर्यंत, एक माणूस माझ्या शेजारी बसून खिडकीतून बघत हसत होता आणि मी त्याला हसू देत होतो.

घरी आल्यावर त्यानं आधी स्वयंपाकघर बघितलं. मग न्हाणी, मग गच्ची. खाली येऊन म्हणाला, "अक्का शाळा?" संध्याकाळी तो ओट्यावर जाऊन बसला आणि शाळेतून येणाऱ्या बायकांकडं एकेक करून बघत राहिला. एक वळली, दुसरी वळली. मला ते सहन झालं नाही. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "गजू, अक्का मेली." मेली हा शब्द तुझ्यासाठी मी तोपर्यंत उच्चारला नव्हता. तो म्हणाला, "व्हय." आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "अक्का शाळा?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मी रोज सांगतो, तो रोज व्हय म्हणतो. त्याला सांगता सांगता आता मलाच ते रोज नव्यानं कळतं. मी चूक केली का, हे मला ठरवता येत नाही. तिकडं तो वाळत होता, इकडं तो वाट बघतो. दोन्ही बाजू मांडल्या तरी खाली बाकी काढता येत नाही, असा हिशेब माझ्यापुढं आयुष्यात पहिल्यांदाच आलाय.

पहिले दोन दिवस शेजारच्या काकूंनी डबा दिला, तो त्यानं चिवडून टाकला. काल मी स्वतः केलं. वांग्याची भाजी, आणि भाकरी जमेल तशी. त्याला वाढलं. त्यानं ताट माझ्याकडं सरकवलं. मी परत त्याच्याकडं सरकवलं. म्हणालो, खा. त्यानं पुन्हा माझ्याकडं सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मी रागावलो. तो हलला नाही. माझ्या हाताकडं बघत होता.

मग माझ्या लक्षात आलं. मी सकाळी मोंढ्याला निघून जायचो, रात्री तू आधी मला वाढायचीस आणि त्याला मागनं जेवू घालायचीस. इतक्या वर्षांत तुम्हा दोघांना जेवताना मी कधी बघितलेलंच नाही. त्याच्या ताटातला पहिला घास तू घेत असणार. मी त्याच्या ताटातला एक तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. तो वाकून माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मी गिळेपर्यंत. मग त्यानं ताट ओढून घेतलं आणि खायला लागला.

भाजीत मीठ नव्हतं. तरी आम्ही दोघांनी ती संपवली.